पुठ्ठ्यावरचे डाग

नारिनच्या थंडीत माझी गाडी वळताना हंबरायची.
आधी वाटलं, रस्त्यात कुणाचं वासरू आहे.
काच खाली केली. वासरू नव्हतं.
स्टिअरिंग सरळ केलं तसं हंबरणं थांबलं.

एकोणीसशे त्र्याण्णवची ऑडी.
जर्मनीत कुणी दमवली, लिथुआनियात कुणी विकली,
एर्किनबेकनं कर्ज काढून आणली
तेव्हा आमची जिबेक रांगत होती.
आता ती सातवीत आहे,
एर्किनबेक मॉस्कोबाहेरच्या कुठल्याशा गोदामात,
आणि गाडी माझ्याकडे.

फोनवर म्हणाला, तेल घाल.
घातलं. बाजारातली लाल बाटली,
दुकानदार म्हणाला, तेल ते तेल.
पुढच्या रविवारी म्हणाला, मग अजून घाल.
त्याच्याजवळ कशावरही हे एकच औषध:
कमी पडलं की ओत,
ओतलं की विसर.

मी शाळेत गणित शिकवते, मला विसरता येत नाही.
टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीखाली सरकवला,
रोज सकाळी बॅटरी घेऊन बर्फात गुडघ्यांवर,
डागाभोवती पेन्सिलीनं गोल, शेजारी तारीख.
तीन थेंब. पाच. मग थेंब मोजायची सोय राहिली नाही,
डाग डागात मिसळून इसिक-कुलच्या नकाशासारखं काहीतरी झालं.
जिबेक म्हणाली, आई, तू आजारी माणसाचा ताप लिहितेस तसं लिहितेयस.

कुठेतरी पाणी मुरतंय, म्हणतो आपण.
इथे तेल मुरत होतं
आणि सगळं माझ्या खांद्यांवर येत होतं.
दोलोनच्या घाटात एकेक वळण
दोन्ही हातांनी, दात आवळून,
जणू विहिरीवरचं गोठलेलं झाकण सरकवतेय.
फेब्रुवारीत कोटाची शिवण काखेत उसवली.
शिवली. पुन्हा उसवली.

काचकिनबायनं पुठ्ठा हातात घेतला आणि हसला नाही,
म्हणून मला तो आवडला.
उताणा झोपून गाडीखाली गेला,
नळीच्या सांध्यावरून बोट फिरवलं,
बाहेर येऊन बोट हुंगलं.
"उमसुनाय एजे, हिला हिरवं लागतं.
हिचं रबर हिरव्यावर वाढलंय.
लाल पाजलं की ते फुगतं, मऊ पडतं,
मग कशालाच धरून ठेवत नाही."

मी म्हटलं, माझी चूक. दुकानदाराचं ऐकलं.

तो टाकीचं झाकण उघडून बराच वेळ बघत राहिला.
मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं तळाचा गाळ खरवडून
माझ्यासमोर धरला. काळपट लाल, डिंकासारखा.
"हे तुमच्या दोन बाटल्यांचं नाही.
हे जुनं आहे. पाच वर्षांचं, सात वर्षांचं."
आणि फडक्याला पुसून टाकलं,
दुसऱ्याच्या घरातलं ऐकू आलेलं
ऐकलंच नाही असं दाखवावं, तसं.

नळी बिश्केकहून यायला आठ दिवस.
पंप जळू नये म्हणून त्यानं पट्टा काढून ठेवला.
आठ दिवस मी हंबरण्याशिवाय, नुसत्या हातांनी गाडी वळवली.
शाळा, पिठाची गिरणी, शाळा.
नवव्या दिवशी चार हजार सोम मोजले
आणि हिरव्या तेलाची बाटली
तो ओतत होता तेव्हा मी शेजारी उभी राहून बघितली,
शेवटच्या थेंबापर्यंत.

आणि मग घरी, अंगणात शिरताना
सवयीनं सगळा जोर लावला.
चाक लोण्यासारखं फिरलं,
गाडी गर्रकन वळून शेजारणीच्या
हिवाळ्यासाठी रचलेल्या शेणाच्या विटांमध्ये घुसली.
अर्धी भिंत बॉनेटवर.
शेजारीण धावत आली, मी आत बसून
इतकी हसत होते की तिला वाटलं मला लागलंय.

रविवारी त्याचा फोन.
गाडी कशी आहे? तेल घातलंस?
घातलं, म्हटलं.
हिरवं.

तिकडून बराच वेळ काही आलं नाही,
फक्त गोदामातला कसलासा पट्टा फिरत असल्याचा आवाज.
मग म्हणाला, जिबेकला दे फोन.
दिला.
मी विटा परत रचायला बाहेर गेले.