बटवडा, अठरावा रस्ता

माणसानं पायरी ओळखून असावं म्हणतात.
पिल्सनमध्ये मी ते शब्दशः पाळते.
फार पूर्वी शिकागोनं चिखलावर भराव घालून
रस्ते वर उचलले. घरं राहिली तिथंच.
म्हणून लूमिस स्ट्रीटवर अजून कित्येकांचं अंगण
फुटपाथच्या पाच फूट खाली,
आणि विजेचं बिल टाकायला
विहिरीत उतरावं तशी मी उतरते.
जानेवारीत पायऱ्यांवर काच होते बर्फाची.
दोनदा पडले. एकदा मनगट गेलं.

एकोणीस वर्षं हा बीट माझा.
उज्ज्वला हे नाव इथं कुणाच्याच जिभेवर वळत नाही,
म्हणून मी नुसती कार्तेरा. टपालवाली.
कुत्रीसुद्धा त्याच नावानं भुंकतात.

दर बारा कोसांवर भाषा बदलते;
इथं ती दोन चौकांत बदलायची,
असं बोहुमिल व्होंद्राचेक सांगायचा,
वखारीतल्या हमालाचा मुलगा, वय एक्याण्णव.
हे देऊळ पोलिश, ते लिथुआनियन,
पलीकडं जर्मन, मधे आमचं चेक.
एकाच देवाला चार भाषांत गाऱ्हाणं
आणि पोलिश पोरानं आमच्या चौकात पाय ठेवला
की त्याचं नाक फुटायचं.
हे सांगताना स्वतःचं नाक चाचपायचा.
त्याच्या इमारतीच्या कपाळावर दगडात चेक अक्षरं,
खाली टोर्टियाची भट्टी.
पहाटे चुन्याच्या निवळीत मका शिजतो
आणि तो वास मला सरळ
आमच्या आप्पांच्या पानाच्या डब्यापाशी नेऊन सोडतो.

ॲशलंडच्या पलीकडचे अजून म्हणतात,
आम्ही पिल्सनचे नाही, नकाशावाला काहीही म्हणो.
रेल्वेच्या भिंतीवरच्या चित्रांतले चेहरे
दर उन्हाळ्यात कुणीतरी रंगवतं पुन्हा,
म्हणून तेवढेच म्हातारे होत नाहीत.
सकाळी दहाला कोपऱ्यावर टमाल्यांची गाडी.
दुपारी त्याच कोपऱ्यावर
सात डॉलरची कॉफी घेऊन पोरं उभी.

एउलालिया सेंदेहास, खालचं घर, लूमिस.
एकोणीसशे त्र्याहत्तरपासून.
डिसेंबरात माझ्या हातात गरम पुडकं ठेवायची,
घरी जाईपर्यंत उघडू नकोस म्हणायची.
मी कधीच थांबले नाही.
घर विकल्याची नोटीस मीच नेली तिला,
सहीची पावती घेऊन यायची होती.
तिनं चष्मा शोधला, मग माझंच पेन घेतलं,
वळणदार सही केली, आणि पेन
पुसून परत दिलं.

पत्ता बदलल्याचा अर्जही माझ्याच थैलीतून गेला:
बर्विन.
बोहुमिलची बहीण तिथंच गेली होती, पन्नासच्या सुमारास,
पुढं हिरवळ आणि मागं गॅरेज मिळतं म्हणून.
तो म्हणाला, सगळे त्याच वाटेनं जातात,
फक्त शिव्यांची भाषा बदलते.
मार्चमध्ये तोही गेला. बर्विनला नव्हे.

सरकार वर्षभर पत्ता लक्षात ठेवतं.
पिवळी पट्टी लावायची, पुढं पाठवायचं.
वर्षानंतर ज्याचं त्यानं.

आता तिथं वेस्ली राहतो, कुत्र्याच्या खाण्याची
वीस किलोची खोकी मागवतो,
उन्हात पाणी हवं का विचारतो.
वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

गेल्या आठवड्यात एउलालियाच्या नावानं
बियाण्यांचा कॅटलॉग आला.
मुदत संपलेली. नियमानं रद्दी.
तीन दिवस थैलीत फिरतोय माझ्याबरोबर.
आज खाली उतरले, तर कचरापेटीमागं
आपोआप उगवलेल्या भोपळ्याच्या वेलीला
वेस्ली दोरी बांधत होता,
उलट्या बाजूनं, सावलीकडं.
फुलं उमलून पडून चालली होती.
ती खायची असतात हे त्याला कोण सांगणार.

मी पत्रं पेटीत टाकली. दोन पायऱ्या वर चढले.
मग खाली आले.