पितळी मासा

सिंधू विचारते, काय देखं तठे?
मी म्हणतो, दारं.
ती गुडघ्याला तेल चोळत हसते,
सव्वा लाखाचं तिकीट काढून
माणूस दारं बघून आला.

समुद्रही पाहिला तसा.
चारूनं पहिल्याच दिवशी नेलं, रात्रपाळीवरून परस्पर,
गळ्यात इस्पितळाचं ओळखपत्र तसंच.
तटावरून बोट दाखवत म्हणाली, बघा नाना.
निळं. इतकं निळं
की मला मोरचूद आठवलं.
बाराची तोफ उडाली नि मी खालीच बसलो.
शेजारच्या गोऱ्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या,
तोफेला की मला, कळलं नाही.

व्हॅलेटा गाव लहान.
एका टोकाला तंबाखू मळायला घ्यावी
तर दुसऱ्या टोकाला थुंकायची वेळ येते
आणि थुंकायची सोय नाही.
गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी पाण्यात उतरतात.
दगड सगळा एका रंगाचा,
दादरच्या भाकरीला तव्यावर येतो तो.
वेशीबाहेर खंदक, आमच्या पारोळ्यासारखाच कोरडा,
फक्त बाभळी नाहीत.
छत्तीस डिग्रीला लोक पुठ्ठ्यानं वारा घेत होते.
माझ्या पिशवीत सिंधूनं कोंबलेला स्वेटर.

शब्द मात्र ओळखीचे निघाले.
साबणाला सापून म्हणतात, पुस्तकाला क्तीब,
दुनियेला दिन्या.
जसा कुणी भाऊबंद फार वर्षांपूर्वी गाव सोडून गेला,
नाव बदललं, कपडे बदलले,
हाक मारायची पद्धत तेवढी राहिली.

आणि दारं.
दोन फळ्यांना दोन पितळी मासे,
तोंड खाली, शेपूट वर, वाजवायला.
चाळीस वर्षं मी पितळ ठोकतोय,
घागरी, तपेली, रुखवतातले हंडे.
हल्ली नवं कुणी करून घेत नाही,
मीच घडवलेलं मोडीत परत येतं.
ओतीव काम होतं. सांधा कुठं ते बोटाला कळतं.
चारू म्हणत राहिली,
नाना, लोकांच्या दारांना हात नका लावू.

एका उतारावर
एक मासा एकाच स्क्रूवर लोंबत होता.
चारू पुढे गेलेली, फोनवर.
मी खिशातलं नाणं काढून खाचेत बसवलं,
दोन आटे फिरले नसतील, दार उघडलं.
म्हातारी. काळा झगा, केसांत चिमटे.
ती काही बोलली. मी काही बोललो.
मग पितळेवर नख वाजवलं
आणि तोच हात छातीवर ठेवला.
ती आत गेली, पेचकस घेऊन आली,
मूठ कुणाच्या तरी तळव्यानं झिजलेली.

काम झाल्यावर ती बाहेर आली,
स्वतःच्याच दारावर तीनदा वाजवलं
आणि आत कुणी नसताना
वाट बघत उभी राहिली.
मीही राहिलो.

हे सिंधूला सांगितलेलं नाही.
तांबट गल्लीत सांगायला गेलो, तर ओंकारआप्पा म्हणाले,
तिकडे पितळ काय भाव?

वैशाखात भट्टी पेटवली.
मोडीतल्या एका घागरीचा मासा ओतला.
तिथल्यासारखा मासा मी जिवंत पाहिलेला नाही,
बोरीच्या डोहातला मरळ पाहिलाय,
म्हणून तोंड मरळाचं झालं. शेपूट कशाचंच नाही.
दारावर बसवला.
आमच्या गल्लीत दार वाजवतंय कोण,
माणूस आत येतो, मग हाक मारतो.
पोरं दोन दिवस ठोकून पळाली, मग विसरली.
सिंधूनंच त्याला काम लावलं,
पहाटे दूधवाला पिशवी शेपटीला अडकवून जातो.

परवा दुपारी, गल्ली निजलेली,
मी बाहेर गेलो, दार ओढून घेतलं
आणि तीनदा वाजवलं.
आतून सिंधूचा आवाज, कोन शे?
मला पटकन सांगता आलं नाही.