खालचा माणूस

सर्जेकोटच्या धक्क्यावर मी लिलाव पुकारते,
म्हणून निनाद सांगू लागला तेव्हा फार फोड करावी लागली नाही.
अठरा वर्षांच्या पोरांची उंची, वजन, उडी,
वीस मीटर धावायला लागलेले सेकंद
कागदावर मांडतात, आणि संघ एकेक नाव उचलतात.
"तू कितवो?"
"एकसष्टावा."
म्हणजे टोपलीच्या तळचा बांगडा, मी म्हटलं.
ताजाच असतो. वरच्यांच्या वजनाने जरा दबलेला.

काका बोटीवर मोटरमन होते, फ्रिमँटलला उतरले
आणि परत चढायचे राहून गेले.
तिथून त्यांनी पहिला चेंडू पाठवला तेव्हा
आम्ही तो कानाशी धरून हलवला,
पाणी वाजतंय का बघायला.
असोल्या नारळाचा आकार. टप्पा पडला की
कुठे जाईल ते त्याचं त्यालाही माहीत नाही.
बाबल्याने लाथ मारली, तो उलटा फिरला
आणि वाळत घातलेल्या सुकटीत जाऊन बसला.

आडनाव खोबरेकर.
तिकडच्या लोकांनी छाटून खोबी केलं.

चार खांब. मधल्या दोघांतून गेला तर सहा,
कडेच्या फटीतून गेला तर एक.
"म्हणजे नेम चुकलो तरी एक गावता?" आईने विचारलं.
"गावता, काकी."
"मगे बरो खेळ असा."

सामना असला की लिलाव आटोपून
डिझेलच्या पिंपावर मी मोबाईल टेकवायची.
चित्र अडकायचं, धावणारे अर्ध्यात थिजायचे,
खवले चिकटलेल्या बोटाने मी काच पुसायची.
तो गोल करणाऱ्यांतला नव्हता.
गोल करू न देणाऱ्यांतला होता,
त्याचं नाव बहुतेक चूक झाल्यावरच ऐकू यायचं.

एक फोटो मात्र तिकडे फार गाजला.
कुणी एक पिवळ्या केसांचा उडालेला,
पाडेली माडावर चढतो तसा,
पण माणसाचाच माड केलेला:
गुडघा पाठीत, पाय खांद्यावर,
वर आभाळात दोन्ही हातांत चेंडू.
खाली वाकलेला, डोळे मिटलेला, तो आमचा निनाद.
फोटो आमच्या पडवीत आहे, दिव्याच्या बटणाशेजारी.
वरचा कोण, ते घरात कुणालाच माहीत नाही.

नऊ वर्षं, त्र्याहत्तर सामने.
उरलेले दिवस बाकावर,
मशीनच्या नळकांड्यात, नाहीतर बर्फाच्या टबात.
बर्फ मला ठाऊक आहे.
मासा बर्फात घालतात तो टिकावा म्हणून,
बरा व्हावा म्हणून नाही.
उजवा गुडघा दोनदा उघडला, डावा एकदा.
सत्ताविसाव्या वर्षी कोचने कॉफी पाजली,
कप अर्धा व्हायच्या आत बोलणं संपलं.
"मग तू काय केलंस?"
"कॉफी संपवली. पैसे त्याने दिले होते."

आता तो दोन महिने इथे आहे.
धक्क्याच्या पायऱ्या आडवा होऊन उतरतो, खेकड्यासारखा.
क्रेट उचलतो, पोरांना चेंडू पायावर टाकायला शिकवतो,
आणि कुणी विचारलं, "आता काय करतलंस?"
तर समोर कुणाची होडी आली ते बघू लागतो.

काल टिकमांची बोट वाऱ्यात धक्क्याला लागेना.
खलाशाने दोर फेकला, तो गर्दीच्या वरून निघाला,
आणि निनाद उडाला.
मी त्याला समोर उडताना कधीच पाहिलं नव्हतं.
कुणाच्या तरी खांद्यावर तळहात टेकला,
दोन फूट वर गेला, तीन असेल,
दोर बोटांच्या शेंड्यांना लागला
आणि सुटून पाण्यात पडला.

तो खाली आला तेव्हा गुडघ्याचा आवाज मला ऐकू आला.
कुणी काही बोललं नाही. इंजिन धडधडत होतं.

आई कोळंबी सोलत बसली होती.
मान वर न करता म्हणाली,
"एक."