उसनी थंडी

सिल्विया मिस मडगावला भावाकडे कायमच्या निघाल्या,
तेव्हा कॅम्पातल्या बंगल्याच्या मागच्या पायरीवर
त्यांनी मला एक गंजका डबा दिला.
आत माती, मातीत वाळक्या मुळांचा गुंता.
"फ्लॉक्स. वर्षानुवर्षं राहतो,
पण तिकडच्या उकाड्यात नाही तगायचा.
आणि भरमाणी, नावाचा अर्थ ज्वाळा, बरं का."

मी हसलो.
उद्यमबागच्या फाउंड्रीत एकतीस वर्षं
लोखंड ओतलंय मी.
ज्वाळा काय, मला नवी होय?

तीन वर्षं नुसता पाला.
जुलैत पानांवर पांढरी पूड चढली.
मी म्हटलं, भुरी.
कुंपणापलीकडून इराप्पा हंचिनमनी म्हणाला, बूदी रोगा.
बूदी म्हणजे राख.
भट्टीवाल्याला राख ओळखता येऊ नये,
याचं त्याला फार हसू आलं.

मग त्याची शिकवणी सुरू.
नीर बेरिगे, एलेगल्ल.
पाणी मुळाला, पानाला नव्हे.
सकाळचं ऊन लागू दे, संध्याकाळी पाणी नको.
फुटवे बारा आलेत, पाच ठेव,
बाकीचे मातीलगत काप,
आतून वारा फिरला पाहिजे.
मी विचारलं, पाच का? सहा का नाहीत?
हेळिदष्टु माडो, म्हणाला.
सांगितलं तेवढं कर.

कात्री सहाव्यापाशी थांबली.
फाउंड्रीत फसलेलं कास्टिंग पुन्हा भट्टीत जायचं,
पुन्हा वितळायचं, काहीतरी व्हायचं.
कापलेली ही हिरवी काडी
कशात परत घालायची?

भुरी गेली. फूल नाहीच.
मिसला फोन लावला. पलीकडे पंख्याचा आवाज.
"झोप पुरत नसेल त्याला.
उटीला आमच्या आईच्या वाफ्यात
थंडीत वरचं सगळं मरायचं.
आम्ही पोरं रडायचो. ती म्हणायची, रडू नका, निजलंय."

बेळगावची थंडी आम्हाला पुरते,
कानटोपी लागते, चहाचा कप दोन्ही हातांत धरावा लागतो.
मुळांना नाही पुरत.
मुळांना काय ऐकायला येतं, कुणास ठाऊक.

डिसेंबरात भल्या पहाटे मासळी बाजार गाठला.
कारवारच्या गाडीतून पेट्या उतरत होत्या.
सावित्री हरिकंत्रला म्हटलं, मासळीखालचा नको,
न वापरलेला कोरा बर्फ दे, चार किलो.
ती एकदम हळू आवाजात म्हणाली,
"घरात कोण गेलं काय, भाऊ?"
नाही गं. एकाला निजवायचंय.

काड्या चार बोटं ठेवून छाटल्या,
वर वाळका पाला, त्यावर गोणपाट,
गोणपाटावर रोज सकाळी बर्फ.
आयुष्यभर तापवत आलेले माझे हात
गारठून बधिर व्हायचे,
आणि गल्लीतली पोरं कुंपणाला लटकून बघायची.
इराप्पा आठ दिवस हसला.
नवव्या दिवशी त्यानं विचारलं, किलोला किती घेते?

जानेवारीत पुतण्याच्या लग्नाला निपाणीला गेलो,
तीन दिवस अडकलो.
परत आलो तर गोणपाट ओलं,
आणि इराप्पाच्या लुनामागं दोरीनं बांधलेली
थर्माकोलची पेटी, तळातून ठिबकणारी.
मी काही विचारलं नाही.
त्यानंही काही सांगितलं नाही.

मेच्या अखेरीस एक तुरा आला.
एकच.
गुलाबी, पण जांभळाकडे ओढ घेतलेला,
पाच पाकळ्यांची फुलं दाटीवाटीनं.
संध्याकाळी वास सुटायचा,
मिरं आणि मध एकत्र केल्यासारखा.
ज्वाळा म्हणावी असं मला त्यात
काही दिसलं नाही, खरं सांगतो.
तरी रोज भट्टीपुढं उभा राहायचो तसाच
एक पाऊल मागं ठेवून बघत राहिलो.

दिवाळीआधी गड्डा उपसला.
फावड्यानं मधोमध घाव घातला,
मुळं कुरकुरली, सुटली.
एक तुकडा कुंपणावरून पलीकडे दिला.
डोळे जास्त होते तोच त्यानं बरोबर उचलला,
मी बघितलं आणि गप्प राहिलो.
बर्फ निम्मा निम्मा ठरला आहे.
लुना त्याची.
पैसे मात्र, का कोण जाणे, अजून मीच देतो.