फीची खिडकी

इब्रीच्या भारतीय शाळेत मी फीच्या खिडकीत बसते.
फाटकावर नवा फलक: दहावीचा निकाल शंभर टक्के.
त्या शंभरात कोण बसलंच नाही
ते माझ्या वहीत आहे.

इथे फीवरच एसी चालतो, फीवरच मास्तर.

सुमैया परकार, आठवी ब. गणितात अठ्ठ्याण्णव.
तीन महिने थकबाकी. निकाल रोखलेला.
बाप वेल्डर, कंपनीनं पगार दाबलाय.
आज आला, एकोणीस रियाल ठेवले
आणि मोजून सुट्टे बैसे.
"उरलेले ईदनंतर."

मी पावती फाडली.
मग निकालपत्र काचेला आतून टेकवून धरलं.
द्यायचं नाही, असा नियम आहे;
वाचू द्यायचं नाही, असं कुठे लिहिलंय?

ओठ हलवत तो एकेक विषय वाचत गेला,
मागे रांग खाकरली,
तो परत गणितावर आला.