रात्रपाळी, रुवी

पेशींना कान नसतात, माहीत आहे.
तरी कॉइल सुरू करताना
मी बटण हळूच दाबते.

पन्नास हर्ट्झ.
बाहेर मस्कतचा उकाडा,
भिंतीवरच्या एसीचीही हीच गुणगुण.
तबकडीत सरखोतांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी.
तीस वर्षं सबस्टेशनात,
पायाची जखम सात महिने ओली.
"विजेनं दिली, वीजच भरून काढेल,"
म्हणाले, आणि बाही वर केली.

पहाटे मोजलं.
कॉइल नसलेल्या तबकडीपेक्षा
थोड्या जास्त सरकल्या होत्या,
घास घेतल्यासारख्या फुगलेल्या.
थोड्याच. माझी चूक म्हणून खपतील इतक्या.
आकडा पेन्सिलीनं लिहिला.

खाली बाकावर ते,
एक चप्पल काढून, पट्टी सोडत:
"काय म्हणतात आमची माणसं?"