पान एकशे एकेचाळीस

रविवारी रिवादाविया पार्कात
जुन्या पुस्तकांचे ठेले उघडतात.
ओस्वाल्दोकडे मी ते हातात घेतलं:
जाड, कडक पुठ्ठ्याचं, माल्विनासच्या लढाईवरचं.
किंमत माझ्या दोन दिवसांच्या जेवणाएवढी.

असली पुस्तकं मी पारखून घेतो.
आधी नकाशे. बाण जितके ठळक
तितका लिहिणारा खंदकापासून लांब.
मग शेवटची सूची. सेनापती, जहाजं, तोफांची मापं.
'मेंढ्या' हा शब्द आहे का?
आम्ही एक चोरली होती, निम्मी कच्चीच खाल्ली,
आणि त्यापायी रामोनला
चार खुंट्यांना बांधून ओल्या मातीवर
रात्रभर उताणं ठेवलं होतं.
शत्रूनं नाही. आमच्याच लेफ्टनंटनं.

नव्हता.
'म'मध्ये 'मनोधैर्य' होतं, तीन ठिकाणी.

मधल्या पानांत डोंगराचा फोटो, विमानातून टिपलेला.
दुरून डोंगर साजरे.
मी त्याच्यावर चव्वेचाळीस रात्री काढल्या,
तो असा दिसतो हे मला आज कळतंय.

"कर्नलनं लिहिलंय," ओस्वाल्दो म्हणाला, "खात्रीचा माल."
म्हणून तर ठेवून देत होतो.
अंगठा सदतिसाव्या पानात अडकला.
छापलं होतं:
जवानांना गरम जेवण नियमित पोचत होतं.
आणि समासात, बारीक पेन्सिलीनं:
नाहानिरी.

ग्वारानीत 'नाही'.
बराकीत ही भाषा तोंडातून निसटली
की थोबाडीत बसायची.
त्याआधी हा शब्द आई ओरडायची,
कोरिएन्तेसला, मी शेजारच्या आंब्यावर चढलो की.

उलट्या खोक्यावर बसलो आणि फक्त समास वाचले.
पाऊस नव्हे, बर्फ.
बूट आले, दोन्ही डावे.
'शिस्तबद्ध माघार'खाली रेघ, शेजारी नुसतं: हा हा.
अठ्ठ्याऐंशीवर: तिघं नाही, चौघं. चौथा किरिनो.
या किरिनोला मी ओळखत नव्हतो.
तरी दोनदा वाचलं.

एकशे चाळीसवर एक रेघ सुरू होते
आणि ओळीच्या मध्येच थांबते.
पुढची दोनशे पानं स्वच्छ.
अकरा जूनची रात्र
एकशे एकेचाळीसवर सुरू होते.

"कुणी विकलं हे?"
"लानूसहून एक बाई आली होती.
खोक्यात एक कोट, चश्मा, हे.
घासाघीस केली नाही तिनं."

मी केली.
म्हटलं, कुणीतरी लिहून खराब करून ठेवलंय, कमी कर.
त्यानं पानं चाळली, च्च केलं,
निम्म्यात दिलं.
एवढं हलकट मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.
तरी सुटे पैसे मोजून घेतले.

बसमध्ये मांडीवर ते पान उघडून बसलो.
कर्नल म्हणतो: धुकं होतं, चंद्र नव्हता.
चंद्र होता.
रामोनचं तोंड मला दिसलं होतं, म्हणजे असणारच.
की ते त्यांचे प्रकाशगोळे होते,
तासन् तास वर लोंबकळणारे?

शेजारच्या शाळकरी मुलीकडे पेन्सिल मागितली.
तिनं दप्तर धुंडाळलं.
"पेन आहे. चालेल?"
नको म्हणालो.
खोडता आलं पाहिजे.